डिग्री नव्हती, दुर्बीण होती!

गणपतीचे दिवस होते. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत एक बारकुडा पक्षी तुरुतुरु चालत होता. पाठ करडी, पोट पिवळं आणि शेपटी सतत वर-खाली. कपडे आपटणाऱ्या धोब्यासारखी. म्हणूनच त्याला आपल्याकडे धोबी म्हणतात, काही जण परीट म्हणतात. मी फोटो काढेपर्यंत तो भुर्रकन उडालाही. हा एवढासा जीव हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून उडत माझ्या होस्टेलच्या गच्चीवर आला होता, हे मला नंतर कळलं.

आपण सगळे समजतो की पाहुणे पक्षी थंडीत येतात. भिगवणला रोहित पक्षी बघायला आपण डिसेंबर-जानेवारीतच जातो ना! पण ही येण्याची लगबग खरं तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. उत्तरेकडचा उन्हाळा संपत आला, तिकडचे दिवस लहान व्हायला लागले, की पक्षी निघतात. श्रावणातच तळ्याच्या चिखलात तुतवार दिसायला लागतात. भाद्रपदात धोबी येतो. मग भुवई बदकं, थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक असे एकामागोमाग थवे उतरतात.

आज आपण हे सगळं सहज सांगू शकतो. पण कुठला पक्षी कुठून येतो, कधी येतो, कुठल्या तळ्यावर उतरतो हे भारतात कुणीतरी पहिल्यांदा नीट, शिस्तीत शोधायला हवं होतं. ते करणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सलीम अली. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना ‘बर्डमॅन’ म्हणून दोन ओळींत वाचलेलं असतं. त्या दोन ओळींत न मावणारी गोष्ट जास्त भारी आहे.

पिवळ्या गळ्याची चिमणी

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत सलीमचा जन्म झाला. मोठं सुलेमानी बोहरा कुटुंब, भावंडांमध्ये हा सगळ्यात धाकटा. एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मग मामा अमिरुद्दीन तैयबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या सगळ्या मुलांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक. त्यामुळे भाच्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणं हा त्याचा खेळ झाला. हो, भारतातला सगळ्यात मोठा पक्षीमित्र लहानपणी चिमण्या मारायचा!

एक दिवस त्यानं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. ती खायला चालेल की नाही, असा त्या पोराला प्रश्न पडला आणि तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. त्यांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडे धाडलं.

मिलार्डसाहेबांनी या मुलाला हाकलून दिलं नाही. ती पीतकंठी चिमणी आहे, असं सांगितलं. कपाटाचे खण उघडून भुसा भरून जपलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्यांचीही रीतसर नोंद ठेवायची असते, त्यांचा अभ्यास करता येतो, हे सलीमला त्या दिवशी समजलं. एखाद्या मोठ्या माणसानं लहान मुलाला दिलेल्या तासाभराचा परिणाम किती लांब जातो बघा.

करिअर? ते काय असतं?

इथून पुढे सगळं सरळ झालं असेल, असं वाटतं ना? अजिबात नाही. डोकेदुखीच्या त्रासामुळे शाळा मध्येच सुटली, हवापालटासाठी सिंधला पाठवलं गेलं. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश घेतला, पण गणिताशी जमेना. कॉलेज सोडून तो ब्रह्मदेशात गेला. तिथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष घालायचं सोडून हा जंगलात पक्षी बघत फिरायचा. धंदा अर्थातच चालला नाही.

१९१७ मध्ये मुंबईत परत आल्यावर त्यानं कॉमर्सचे धडे घेतले आणि सोबत झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी लग्न झालं. घरसंसार सुरू झाला, पण विद्यापीठाची पदवी काही हातात नव्हती. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधली पक्षीतज्ज्ञाची जागा याच कारणानं हुकली. पुढे ज्यांची पुस्तकं वाचून लोक पक्षीशास्त्र शिकणार होते, त्यांना पक्ष्यांची नोकरी मिळाली नाही, कारण कागद नव्हता!

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात गाइड लेक्चररची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. दोनच वर्षांत त्यांना कळून चुकलं, की आपल्याला अजून खूप शिकायचंय. रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये एर्विन श्ट्रेझमान हे त्या काळातले मोठे पक्षीतज्ज्ञ होते. त्यांनी या डिग्री नसलेल्या तरुणाला विद्यार्थी म्हणून घेतलं आणि सलीम अलींनी त्यांनाच आयुष्यभर गुरू मानलं.

जर्मनीच्या मुक्कामात ते उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावरच्या पक्षी निरीक्षण केंद्रावरही गेले. स्थलांतर करणारे थवे समुद्र ओलांडताना या छोट्या बेटावर उतरतात. तिथे पक्षी अलगद पकडायचे, पायात नंबर असलेली हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचे. तोच पक्षी पुढे कुठे सापडला, तर त्याचा प्रवास कळतो. ही विद्या सलीम अली हातानं काम करून शिकले. ती भारतात वापरायला मात्र जवळपास तीस वर्षं थांबावं लागणार होतं.

१९३० मध्ये परत आले, तर म्युझियममधली जागाच रद्द झालेली. कारण, पैसे नाहीत. वय ३३, लग्न झालेलं, नोकरी नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांना ही भीती रोज रात्री झोपू देत नाही. त्यांचीही झोप उडाली असणारच.

किहीमची सुगरण

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून दोघं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात घरटी विणायला सुरुवात झाली आणि सलीम अली तासन् तास लपून बसून ती बघू लागले. आपल्याला वाटतं, सुगरण घरटं विणते. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. तो अर्धंच घरटं विणून थांबतो. मग मादी येते, घर बघते आणि पसंत पडलं तरच राहते. ती राहिली, की नर ते पूर्ण करतो आणि लगेच शेजारी दुसरं घर विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! ही गोष्ट त्यांनी नीट नोंदी ठेवून मांडली आणि पक्षीशास्त्राच्या जगात त्यांचं नाव झालं. बेकारीच्या काळात, रायगडच्या किनाऱ्यावर, एका झाडाखाली.

मग त्यांनी एक धाडसी प्रस्ताव तयार केला. देशात तेव्हा पाचशेच्या वर संस्थानं होती आणि बऱ्याच ठिकाणच्या पक्ष्यांची शिस्तशीर नोंदच झालेली नव्हती. मी पाहणी करतो, मला पगार नको, फक्त तंबू-प्रवासाचा खर्च द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हैदराबादपासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर, म्हैसूर, कच्छ. आजच्या भाषेत सांगायचं, तर त्यांनी स्वतःसाठी एक बिनपगारी इंटर्नशिप तयार केली आणि ती वर्षानुवर्षं चालवली. (आम्हा इंटर्न लोकांना हे वाचून जरा बरं वाटतं!)

सुरुवातीच्या मोहिमांमध्ये तहमिना बरोबर असायच्या. मुंबईच्या सुखवस्तू घरातली ही बाई जंगलात तंबूचा सगळा कारभार सांभाळायची. १९३९ मध्ये एका साध्या ऑपरेशननंतर रक्तात विष पसरून त्या गेल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कम्मू आणि मेव्हणे हसन अली यांच्या पाली हिलच्या घरी ते राहायला गेले आणि स्वतःला कामात बुडवून घेतलं.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. चित्रं, सोपी भाषा, आकारावरून पक्षी कसा ओळखायचा याची माहिती. साहेबांचा आणि शिकाऱ्यांचा विषय या पुस्तकामुळे सामान्य माणसाच्या हातात आला. डेहराडूनच्या तुरुंगात असलेल्या नेहरूंनी याच पुस्तकाची प्रत इंदिरा गांधींना भेट दिली होती. पुढे पंतप्रधान झालेल्या या दोघांपर्यंत सलीम अलींचा शब्द पोहोचायचा, त्याची मुळं इथे आहेत.

भरतपूरचं तळं

आता येऊ तळ्याकडे. राजस्थानातल्या भरतपूरजवळ केवलादेव नावाचा सखल भाग आहे. मध्ये शंकराचं देऊळ आहे, त्यावरून हे नाव. पावसाळ्यात अजान बांधातून पाणी सोडलं, की साधारण २९ चौरस किलोमीटरच्या या परिसरात उथळ तळी तयार होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात इथल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची घरट्यांसाठी झुंबड उडते. त्यांची पिल्लं अजून घरट्यातच ओरडत असतात, तोवर उत्तरेकडून बदकांचे पहिले थवे उतरायला लागतात. स्थानिक आणि पाहुणे यांची ही अदलाबदल उन्हाळा-पावसाळा सरताना इथे दिसते.

हे सगळं कशासाठी राखलं होतं? शिकारीसाठी! भरतपूरच्या महाराजांचं हे खासगी शिकारीचं रान. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एकाच शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही तिथे दगडावर कोरलेला आहे. लाज म्हणून नाही, तेव्हा अभिमान म्हणून कोरला होता.

स्वातंत्र्यानंतर वेगळाच प्रश्न आला. देशात धान्याची टंचाई होती. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची मागणी होती, की तळ्याचं पाणी शेतीला द्या आणि ही जमीन कसायला द्या. मागणी चुकीची म्हणता येत नाही. पण तळं एकदा आटलं, की हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या पक्ष्यांनी उतरायचं कुठे? सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंकडे शब्द टाकला आणि तळं वाचलं. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत सुरूच होता.

माकडताप आणि पायातली कडी

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. हाच तो माकडताप, जो अलीकडे आपल्या सिंधुदुर्गातही पोहोचला. त्याचा विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूच्या जवळचा निघाला. शास्त्रज्ञांना शंका आली, की रशियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तर हा आजार आणला नाही ना?

उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण कुठला पक्षी कुठून येतो हेच नक्की माहीत नव्हतं. सलीम अलींना हेलिगोलँड आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि १९५९ पासून बीएनएचएसचा पक्षी स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. स्वित्झर्लंडहून तज्ज्ञ येऊन शिकवून गेले. सलीम अली तेव्हा साठीच्या पुढे होते.

पण पक्षी पकडणार कोण? इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. बिहारमधले मीरशिकार पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडून विकायचे. जाळं कुठे लावायचं, बदक रात्री कुठे उतरतं, पंख न दुखवता हातात कसं धरायचं, हे त्यांना कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा जास्त कळायचं. प्रकल्पानं त्यांनाच कामावर घेतलं. पकडायचं, वजन-मापं घ्यायची, रक्ताचे नमुने आणि गोचिडी गोळा करायच्या, ॲल्युमिनियमची कडी घालायची आणि सोडायचं. कडीवर नंबर आणि बीएनएचएसला कळवा, असा निरोप. कागद नसल्यामुळे ज्याला एकेकाळी नोकरी नाकारली गेली, त्या माणसाला अशाच बिनकागदाच्या माणसांचं ज्ञान ओळखता आलं, यात मला नवल वाटत नाही.

मग पत्रं येऊ लागली. भरतपूरला कडी घातलेली बदकं सैबेरियात, कझाकस्तानात सापडली. म्हणजे नकाशावर रेघ मारता आली! सैबेरियातलं कुठलं तरी दलदलीचं पाणी आणि राजस्थानातलं तळं एकाच पक्ष्याची दोन घरं आहेत, याचा हा पुरावा होता. एक घर मोडलं, तर दुसरं जपून उपयोग नाही, हेही त्यातूनच समजलं. आजाराचं म्हणाल, तर तो पाहुण्या पक्ष्यांनी आणलेला नाही, स्थानिक गोचिडींमधलाच आहे, असं पुढे स्पष्ट झालं.

हे काम सरळ झालं नाही. अमेरिकेच्या लष्कराशी जोडलेल्या कार्यक्रमाचा पैसा त्यात आल्यावर संशयाचं वादळ उठलं. पक्ष्यांमार्फत जंतू पसरवायचा डाव आहे, असेही आरोप झाले. सलीम अलींना उत्तरं द्यावी लागली. काम थांबलं नाही.

एक चूक, आणि तिची नोंद

दरम्यान डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात आले. म्हणजे हे सगळं सत्तरीत! १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. त्यांचा शब्द आता शेवटचा मानला जायचा.

आणि इथेच एक चूक झाली. भरतपूरच्या तळ्यात आसपासच्या गावांच्या म्हशी चरायच्या. म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, चराई बंद करा, असं मत सलीम अली आणि बीएनएचएसनं दिलं होतं. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसांचे जीव गेले. त्याच सुमाराला बीएनएचएसचा तिथे दीर्घ अभ्यास सुरू होता. त्यातून जे निघालं, ते सगळ्यांना धक्का देणारं होतं. म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी झाकलं गेलं आणि कितीतरी पाणपक्षी कमी झाले. म्हशी तळ्याच्या शत्रू नव्हत्या, त्या तळं उघडं ठेवत होत्या. गावकऱ्यांना विचारलं असतं, तर कदाचित हे आधीच कळलं असतं. ज्यांनी मीरशिकारांचं ऐकलं, त्यांच्याकडून गुराख्यांचं ऐकायचं राहून गेलं.

हे लिहू की नको, असा मला प्रश्न पडला होता. थोर माणसाच्या लेखात हे कशाला? पण आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा, असा ज्यांच्या कामाचा धडा आहे, त्यांच्याबद्दल सोयीचं तेवढंच लिहिणं बरोबर वाटेना. आणि त्यांची चूक त्यांच्याच संस्थेच्या नोंदींनी दाखवून दिली, हेही काही कमी नाही.

२० जून १९८७ ला, वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत सलीम अली गेले. अभ्यासाचे शेवटचे निष्कर्ष बघायला ते नव्हते. भरतपूरला १९६० च्या दशकात दोनशेच्या आसपास सैबेरियन क्रौंच यायचे. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली, त्यानंतर कुणीच नाही. वाटेवरची शिकार, आटणारी पाणथळं, सगळंच त्यांच्या मुळावर आलं. एक घर मोडलं, की काय होतं, ते हे.

तुमच्या गावचं तळं

छत्रपती संभाजीनगरमध्ये दिल्ली गेटजवळच्या तलावाला सलीम अलींचं नाव आहे. नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. पैठणचा नाथसागर आहे, उजनीचं भिगवण आहे. आणि ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, असं तुमच्या गावचं तळंही आहे. त्यात भराव पडतोय का, कचरा पडतोय का, हे बघायला पक्षीतज्ज्ञ असावं लागत नाही.

१२ नोव्हेंबरला सलीम अलींचा वाढदिवस आणि त्याआधीचा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पण पाहुणे तोवर थांबत नाहीत. ते आत्ताच यायला लागलेत. एक वही घ्या. तारीख टाका, जागा लिहा, काय दिसलं ते लिहा. नाव नाही आलं, तर रंग लिहा, शेपटी कशी हलते ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत तिथेच जाऊन बघा.

माझ्या वहीत पहिली नोंद झाली आहे. धोबी, एक, होस्टेलची गच्ची. आता टाकीखालची ओल पुसायची नाही, असं मी रूममेटला बजावून ठेवलंय.